सेट आहे!

वडिलांच्या पश्चात गावच्या सातबाऱ्यावर आमचं नाव लागायचं होतं. काम अगदी साधं. म्हणजे ज्याने ते कधी केलेलं नाही, त्याला साधं वाटतं. एका कार्यालयाच्या पायरीवर एक गृहस्थ भेटले. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं. कार्यालयाशी संबंध विचाराल तर काहीच नाही, पण आतली प्रत्येक खुर्ची त्यांना ओळखून होती. माझ्या हातातल्या कागदांऐवजी त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मनातल्या मनात काही गुणाकार केला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही निवांत घरी जा. आत सगळं सेट आहे."

मी निवांत घरी आलो. बाथरूमच्या दारात फरशीवाला उभा. "काका, आज आंघोळ विसरा. सेट होऊ द्या." स्वयंपाकघरातून हिचा आवाज : "दही सेटच झालं नाही बघा." तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा पेढे घेऊन आले. "धाकटा सेट झाला हो एकदाचा! कॅनडात!" त्यांच्या मागून चिरंजीव व्यायामशाळेतून घामाघूम परतले. दंडाचे चार सेट मारले होते म्हणे, आणि फोनवर कुणाला तरी सांगत होते, "टेन्शन नको भावा, सेट आहे." बातम्या लावाव्यात तर सेट टॉप बॉक्स रुसलेला.

दिवस मावळेपर्यंत मोजले. अकरा सेट. एका मराठी घरात, एका दिवसात, आणि टेनिस न खेळता.

आता हा सेट म्हणजे नेमका काय, ते बघावं म्हणून कोशाकडे वळलो. अडलेल्या माणसाने दुसरं करायचं काय?

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. खंड २०. त्यात सर्वांत लांब नोंद कुणाची असेल? देवाची नाही, प्रेमाची नाही, पैशाची तर नाहीच. ती होती या तीन अक्षरी किरकोळ क्रियापदाची. सेटचे अर्थ ४३०, आणि ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द. म्हणजे एक बऱ्यापैकी जाड कादंबरी, आणि तिच्यात नायक, नायिका, खलनायक सगळं काही सेटच.

पण कुठलीच खुर्ची कायमची नसते. कोशाचं काम पुढे सरकलं आणि २०११ च्या सुमारास बातमी आली की 'रन' या क्रियापदाने सेटला मागे टाकलं. रनचे अर्थ ६४५. ते लावत पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने बसले होते. नऊ महिन्यांत माणूस जन्माला येतो, इथे एक क्रियापद आलं. सायमन विंचेस्टर या लेखकाने तेव्हा वर्तमानपत्रात लेख लिहून या सत्तांतराचा अर्थ लावला. सेट हा जागच्या जागी बसून राहणारा, जुन्या वळणाचा शब्द. रन हा यंत्रांच्या, धावपळीच्या युगाचा. काळ बदलला, शब्दाने गादी सोडली.

तिकडे गादी गेली ना? काही हरकत नाही. तिकडून उठलेला सेट आमच्याकडे येऊन सेट झाला.

या शब्दाचं कुळ काढलं तर गंमत आणखी वाढते. सेट हे क्रियापद 'बसणे' या अर्थाच्या सिट या क्रियापदाचं प्रयोजक रूप आहे. प्रयोजक म्हणजे स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेणं. आमच्याकडे बसणेवरून बसवणे, त्यांच्याकडे सिटवरून सेट. या भाषांचं मूळ घराणं एकच असल्यामुळे संस्कृतातला सद् हा धातू आणि सिट हे सख्खे चुलतभाऊ निघतात. सद् म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक सादयति, म्हणजे बसवतो. हाच तो सेटचा आपल्याकडचा भाऊबंद. सदन, सदस्य, परिषद, उपनिषद ही सगळी याच धातूची लेकरं. प्रसादही त्यातलाच आणि विषादही त्यातलाच. आणि हो, संसदसुद्धा. तेव्हा संसद आणि सेटिंग यांचं नातं रक्ताचं आहे. हे मी म्हणत नाही. भाषाशास्त्र म्हणतं. काय कारवाई करायची ती त्याच्यावर करा.

कपबशांचा सेट मात्र या घरचा नव्हे. तो लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून, जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. सेक्टा म्हणजे एकाच्या मागून जाणारी मंडळी, म्हणजेच पंथ. इंग्रजीत येऊन तो बसवणाऱ्या सेटमध्ये असा मिसळला की आता दोघांचं शिधापत्रिकेवरचं नावही एकच. म्हणून 'आमच्या सेटमधले लोक' असं कुणी नाक वर करून म्हणालं तर रागावू नये. तो बिचारा आपल्या पंथाची ओळख देतोय. आणि पंथातला एक कप फुटला की उरलेल्यांना पाहुण्यांसमोर बाहेर काढत नाहीत, हेही जगजाहीर आहे.

तर मुळात सेट म्हणजे बसवणे. मग आमच्याकडे काय बसवायला काही कमी होतं का? इंग्रज हाड सेट करतो, आमचा हाडवैद्य हाड बसवतो. तो अंगठीत हिरा सेट करतो, आमचा सोनार खडा बसवतो. जिथे बसवून भागत नाही तिथे आम्ही लावतो. तो घड्याळ सेट करतो, आम्ही लावतो. गजर लावतो, सापळा लावतो, आग लावतो, गाण्याला चाल लावतो. तो जेवणाचं टेबल सेट करतो, आम्ही पानं मांडतो. तो प्रश्नपत्रिका सेट करतो, आमचे गुरुजी पेपर काढतात, आणि असा काढतात की पोरांचे प्राण निघतात. छापखान्यात तो टाइप सेट करायचा, आमच्याकडे खिळे जुळवायचे. त्याचा सूर्य सेट होतो, आमचा मावळतो. त्याच्या एका शब्दाला आमच्याकडे बसवणे, लावणे, मांडणे, काढणे, जुळवणे आणि मावळणे अशी सहा माणसं कामाला होती.

त्या सहाही जणांना आपण घरी बसवलं. त्यांच्या जागी एकच कंत्राटी कामगार घेतला : सेट.

आता या कंत्राटी कामगाराकडे आज मराठीत कोणकोणती कामं आहेत, त्याचा एक छोटा कोश मी तयार केला आहे. ऑक्सफर्डवाल्यांनी हवा तर न्यावा. मानधन नको, नाव लावा म्हणजे झालं.

सेट (मुलगा) : ज्याच्या पगाराचा आकडा त्याच्या आईलाच पाठ असतो तो. लग्नाच्या जाहिरातीत यालाच 'वेल सेटल्ड' म्हणतात. हाच मुलगा रात्री तीनला अमेरिकेतल्या साहेबाचा फोन घेतो, दर दोन वर्षांनी कंपनी बदलतो, भाड्याचं घर बदलतो आणि हप्त्याच्या तारखेला देव आठवतो. थोडक्यात, जो सतत पळत असतो त्याला सेटल्ड म्हणावं. कोशात रनने सेटला का हरवलं, ते इथे कळतं.

सेट (सिमेंट) : भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत सेट होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत झालंच पाहिजे. म्हणजे जास्तीत जास्त दहा तास. अण्णांच्या धाकट्याला पस्तीस वर्षं लागली. मानक कुठे असावं आणि कुठे नसावं, हे सरकारला बरोबर कळतं.

सेट (परीक्षा) : महाविद्यालयात प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा. आपल्याकडे ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ही उत्तीर्ण झालेला तरुण 'सेट झालो' असं सांगतो आणि पुढे वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. घरचे विचारतात, "सेट झालास ते बरं झालं रे, पण सेट कधी होणार?" एका शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांच्यामध्ये एक अख्खी पिढी उभी.

सेट (डोसा) : एक मागवला की तीन येतात. या शब्दाने दिलेला शब्द पाळल्याचं हे एकमेव उदाहरण.

सेट (टेनिस) : २०१० साली विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला. खेळ एकूण ११ तास ५ मिनिटं. त्यातला शेवटचा सेट ७०-६८. इतका वेळ चाललेला सेट मी त्यानंतर फक्त युती आणि आघाड्यांच्या जागावाटपातच पाहिला.

सेट (नाटक, मालिका) : याला मराठीत नेपथ्य म्हणतात. गंमत अशी की संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट वेश चढवतात. 'नेपथ्यात' आवाज झाला, म्हणजे पडद्याआड झाला. तोच शब्द आपण पुढे दिसणाऱ्या देखाव्याला दिला. समोर जे दिसतं आणि पडद्याआड जे चालतं, त्या दोहोंना एकच शब्द वापरायची सवय आपल्याला अशी जुनी आहे. मग पुढचा शब्द येणारच होता.

सेटिंग : इंग्रजीत याचे अर्थ कोंदण, परिसर, यंत्राची मांडणी वगैरे. ते सगळे बिनकामाचे. मराठीत याचा अर्थ एकच, आणि तो डोळा मिचकावून सांगायचा असतो. कॉलेजात सेटिंग म्हणजे प्रेम, क्रिकेटमध्ये म्हणजे पैसा, कार्यालयात म्हणजे माणूस. मोबाइलमध्येही सेटिंग असते आणि ती बदलता येते. बाकीच्या सेटिंगांमध्ये ही सोय नाही.

इथे कोश संपवतो. कारण खरी गोम सेटचे अर्थ किती यात नाहीच. सेटने आमच्या घरातून कुणाला बाहेर काढलं, त्यात आहे.

आमच्या भाषेतही एक महाप्रचंड क्रियापद आहे. लागणे. ऑक्सफर्डचे कोशकार त्याच्या वाटेला गेले असते तर नऊ महिन्यांत सुटले नसते. आमच्याकडे भूक लागते, तहान लागते, झोप लागते. नोकरी लागते, लॉटरी लागते आणि ठेचही लागते. निकाल लागतो, ग्रहण लागतं, लग्न लागतं. (हा क्रम मुद्दाम आहे.) डोळा लागतो म्हणजे झोप येते, आणि दृष्ट लागते तीही डोळ्यामुळेच. विहिरीला पाणी लागतं ते चांगलं, त्या गावचं पाणी पाहुण्याला लागतं ते वाईट. दूध लागलं की भांडं घासत बसायचं, षड्ज लागला की मान डोलवायची. कुणी मामा लागतो, कुणी मागे लागतो, कुणी नादी लागतो. स्थानकात 'बस लागली' म्हटलं की धावत सुटायचं आणि 'मला बस लागते' म्हटलं की खिडकीची जागा द्यायची. मुलाला वळण लागतं. नाही लागलं तर वाट लागते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, बघा. लागतं ते 'मला' लागतं. मी काही करत नाही. 'मला भूक लागली', 'मला नोकरी लागली', 'मला ठेच लागली' ही तिन्ही वाक्यं व्याकरणाच्या दृष्टीने एकाच साच्यातली. माणूस आपला मधोमध उभा, आणि आयुष्य येऊन येऊन त्याला लागतंय. आमच्या वडिलांच्या पिढीला नोकरी अशीच लागली. ठेच लागावी तशी. आणि ठेच कधी आपण सोडतो का? तेही तीस-पस्तीस वर्षं त्याच खुर्चीवर राहिले आणि निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. कुणी लावली नोकरी, असं विचारलं तर वडील आढ्याकडे बोट दाखवायचे. तिथे देव असेल किंवा पंखा असेल, पण बोट वर असायचं.

पुढच्या पिढीला हे लागणं पटेना. त्यांना करायचं होतं. ठीकच आहे. माणूस कर्ता झाला पाहिजे, हे काही वाईट नाही. म्हणून त्यांनी सेट आणला. नोकरी लागत नाही, आता करिअर सेट होतं. लग्न लागत नाही, सेट होतं. विरजण लागत नाही, दही सेट होतं. आमच्या आईला विरजण लावलं की काही सांगावं लागत नसे. ती भांडं एका कोपऱ्यात ठेवायची, वर ताटली आणि कुणी हलवायचं नाही, एवढा एकच नियम. आता फ्रिज आहे, तापमान सेट आहे, डबा सेटमधला आहे. फक्त दही नाही.

पण कर्ता व्हायला निघालेल्या या पिढीच्या वाक्यात कर्ता कुठे आहे, हे कुणी पाहिलंय का? जरा कान देऊन ऐका. 'मी सेट केलं' असं क्वचितच कुणी म्हणतो. 'सेट झालं' म्हणतात. त्याहून मुरलेले लोक 'सेट आहे' म्हणतात. पहिल्यात निदान करणारा दिसतो. दुसऱ्यात तो नाहीसा होतो. तिसऱ्यात तर करण्याची क्रियाही गेली. जणू विश्वाच्या आरंभापासून ते तसंच होतं, तुम्हालाच उशिरा कळलं. निविदा सेट आहे. तिकीट सेट आहे. बदली सेट आहे. कुणी केलं, कधी केलं, कितीला केलं, या तिन्ही प्रश्नांना या वाक्यात बसायला जागाच नाही.

जुन्या 'लागणे'त कर्ता नव्हता, कारण तो नशिबाच्या हवाली होता. नव्या 'सेट'मध्ये कर्ता आहे, पण तो आत आहे. कुठे आत? ते विचारायचं नसतं. आम्ही नशिबाला हाकललं आणि त्याच्या जागी पांढऱ्या शर्टातला, तीन पेनांचा माणूस आणून बसवला. फरक एवढाच पडला की नशीब आगाऊ रक्कम मागत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, शब्द परका म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. मुळीच नाही. टेबल परकं आहे, कप परका आहे आणि बटाटाही परकाच. आम्ही ते सगळे गोडीने घरात घेतले, कारण त्यांनी घरात भर घातली. बटाट्याने वडा दिला. सेटने काय दिलं? जो शब्द सहा क्रियापदांचं काम एकटा करतो, तो सहांपैकी एकाचंही धड करत नाही. बसवणाऱ्याला निदान आपण काय बसवतोय आणि कशात, हे पाहावं लागायचं. लावणाऱ्याला लावलेलं निस्तरावं लागायचं. सेट म्हणणाऱ्याला काहीच लागत नाही. तो शब्द म्हणतो आणि निघतो. उत्तरही तोच आणि दिलासाही तोच. पुरावा मागाल तर तेही सेट.

माझ्या कोशातली शेवटची नोंद अशी. सेट आहे : चौकशी करू नका, या अर्थाचं विनम्र वाक्य. प्रत्येक अर्जदाराला मोफत.

दिवस गेले. फरशी सेट झाली. एक कोपरा किंचित वर आला आहे, पण फरशीवाला म्हणतो की तो नंतर सेट होईल. अण्णांचा धाकटा कॅनडातून परत यायच्या विचारात आहे. तिकडे थंडी फार, सेट होईना. दही शेवटी हिने आईला फोन करून लावलं. 'सेट' हा शब्द न काढता लावलं आणि ते घट्ट लागलं. चिरंजीवांचे दंड अजून वाटेवर आहेत.

मग परवा सातबाऱ्याचं काय झालं ते बघायला पुन्हा त्या पायरीवर गेलो. गृहस्थ तिथेच होते. शर्ट तोच, पेनं आता चार.

"नाव लागलं का हो?" मी विचारलं.

"लागेल ना साहेब. सेट आहे."

"म्हणजे फाइल आता आहे कुठे?"

त्यांनी आत डोकावून पाहिलं. एका टेबलावर दोरी बांधलेल्या गठ्ठ्यांची उतरंड होती, आणि तिच्या तळाशी एक ओळखीचं पिवळं पाकीट दिसत होतं.

"बसलीय," ते म्हणाले.

उगाच त्यांच्यावर रागावलो होतो. शब्दाचा मूळ अर्थ त्यांना ऑक्सफर्डपेक्षा नेमका ठाऊक होता.